सांगलीहून एका दिवसात समुद्र आणि किल्ला: सासूबाई होडीत बसत नाहीत, कुठं जावं?

नीळपरात:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीवाडीचे. मुलगा चौथीत, म्हणजे वर्षभर शिवछत्रपती. दिवाळीत अंगणात किल्ला केला तो सिंधुदुर्ग. समुद्र म्हणून माझी पुरणाची परात गेली आणि पाणी निळं दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ ओतली. परात अजून निळसर आहे. आता त्याला खरा पाण्यातला किल्ला बघायचाय.

अडचण सासूबाईंची. २०१९ च्या पुरात आम्हाला माडीवरून होडीत उतरवून काढलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला होडी उलटल्याची बातमी आली. तेव्हापासून आयर्विन पुलावरून जाताना त्या नदीकडं बघतसुद्धा नाहीत. "तुम्ही जावा, मी काठावर बसते" म्हणतात. पण एवढ्या लांब नेऊन त्यांना मालवणच्या जेटीवर पिशव्या राखत बसवायचं मला नाही पटत. शिवाय गुडघे कुरकुरतात. सुट्टी रविवारचीच, गाडी घरची. काय करू?

पडेल_कँटीन:
ताई, विजयदुर्गला या. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूनं सरळ रस्ता, दरवाजापर्यंत पायी जाता येतं. होडी लागतच नाही. महाराजांनी १६५३ मध्ये घेतलेला किल्ला, नंतर आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. एकाआड एक तीन तटबंद्या आहेत, पोराला तेवढ्यावर अर्धा दिवस पुरेल. आजींना दाराजवळच्या मारुतीपाशी बसवा, सावलीही मिळेल.

कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, तळेरे असे या. करूळ घाट चालू आहे का ते आधी विचारा, नसेल तर भुईबावडा. पहाटे चारला निघालात तर ऊन चढायच्या आत किल्ल्यात असाल. आत झाडी आहे, पण तटावर डोकं तापतं. जेवणाचं कुणाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा, शाकाहारी असेल तर नक्कीच. ऐनवेळी माशाशिवाय काही मिळेलच असं नाही. वाळू हवी असेल तर दुपारी देवगड, आणि येताना नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी. दाजीपूरच्या जंगलात अंधार पडायच्या आत घाट चढा.

मालवणी_जावई (मूळ मिरज):
विजयदुर्ग भारीच, पण पोरानं परातीत सिंधुदुर्ग केलाय ओ! चहूबाजूंनी पाणी असलं तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी, आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे. हे दुसरीकडं कुठं दाखवणार? होडीचा प्रवास काही मिनिटांचा. नवऱ्यानं पोराला न्यावं, तुम्ही दोघी जेटीवर मालवणी खाजा खात बसा. फक्त पावसाळ्यात होड्या बंद असतात.

घेरिया:
विजयदुर्गात साहेबाचे ओटे दाखवतील आणि सांगतील, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं, म्हणजे एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं, इथूनच हेलियम वायू शोधला. पोराला तेवढं दुरुस्त करून सांगा. ग्रहण खरं, तारीख खरी, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता. सूर्याच्या वर्णपटातली, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातली, हेलियमची पिवळी रेघ त्यानं ऑक्टोबरात तिथूनच नोंदवली. ग्रहणात वर्णपट बघणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता, आणि लेफ्टनंट हर्शेल तर आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीत! सांगलीकरांनी विजयदुर्गात जाऊन जमखंडीचं नाव काढावं, एवढीच इच्छा.

नीळपरात:
सगळ्यांचे आभार. जावईबापू, जेटीवर बसायचं नाही म्हणूनच तर विचारलं होतं की ओ! विजयदुर्ग पक्का. सासूबाईंना सांगितलं तर पहिला प्रश्न, "पाणी किती लांबून दिसतं?" आता पडेलकर, तुम्हीच सांगा: मारुतीपाशी बसलं तर समुद्र पाठीला येतो की समोर?

पडेल_कँटीन:
तोंड दरवाजाकडं करून बसवा. लाटांचा आवाज मात्र येणार.