प्रतिसाद: गाठ दुखत नाही म्हणून साधी?
वर एकांनी लिहिलंय, 'गाठ दुखत नसेल तर टेन्शन घेऊ नका.' असं नाही हो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. पाठीवरची मऊ, बोटाखाली सरकणारी चरबीची गाठ वर्षानुवर्षं तशीच राहते. कॅन्सरची आजूबाजूला घुसते, दुसऱ्या अवयवात पसरते. नुसतं चाचपून खात्री होत नाही, तुकडा तपासावाच लागतो.

बाकी आमच्या यवतमाळकडे तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण म्हणजे खर्रा. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटणं दिवसभर चालू. माझा मामेभाऊ म्हणायचा, "तंबाखू कमीच टाकायला सांगतो ना बे!" पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच ते नोंदवलंय. भावाला आधी तिखट सोसेना. मग भाकरीचा घास लहान होत गेला, शेवटी दोन बोटंही तोंडात जाईनात. असं तोंड आखडणं म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढे तो होऊ शकतो.

तुमची तीन बोटं तोंडात उभी जातात का, बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला किंवा पांढरा चट्टा असेल, तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. भावाचा खर्रा सुटून दोन वर्षं झाली. तोंड अजून पूर्ण उघडत नाही.