मदत हवी आहे: चार्ल्सटनमधलं जुनं मॅन्शन, आईबाबांसोबत

अटलांटाकर: शनिवारी आईबाबांना घेऊन साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जातोय, एकच दिवस हातात आहे. एखादं जुनं मॅन्शन आतून दाखवायचंय. गूगलवर ढीगभर नावं येतात, सगळ्यांना साडेचार स्टार, डोकं फिरलंय. आज रात्रीच बुक करायचंय, पटकन सांगा.

पक्या७८: गावाबाहेरचा बून हॉल, जुना मळा. ओकच्या झाडांची ती लांबलचक रांग, फोटो भारी येतात.

सुमेधा_ए: पक्या, ते घर १९३६ चं आहे रे, जुनं बघायचंय म्हणतात ना ते. तिथे खरं जुनं म्हणजे गुलामांच्या विटांच्या खोल्या. अटलांटाकर, आईबाबांना जिने चढवतात का? गावातच फिरणार की बाहेरही?

अटलांटाकर: आईचे गुडघे दुखतात, एखादा जिना हळूहळू चढते. गावातच. रसेल हाउस की एकन-रेट, एवढंच सांगा.

विजूकाका: रसेल हाउस. १८०८ चं. लंबगोल जिना वरपर्यंत वळत जातो, कुठे खांब म्हणून दिसत नाही. खोल्या अगदी त्या काळासारख्या सजवलेल्या. पाहुण्यांना हेच दाखवावं.

सुमेधा_ए: काका, मी एकन-रेटच सांगेन. १८२० च्या सुमाराचं घर, पुढे गव्हर्नर विल्यम एकनचं. १९९५ मध्ये हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशनने घेतलं पण नव्यासारखं केलंच नाही, आहे तसं सांभाळलं, वॉलपेपर सुटलेला, रंगाचे पोपडे निघालेले. आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघर, धुणीघर, तबेला, त्यांच्या वर गुलाम राहायचे त्या खोल्या. पुढचा दिवाणखाना कोणाच्या कष्टावर चालायचा ते तिथे उभं राहिलं की कळतं.

विजूकाका: अहो, सुट्टीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पोपडे कशाला दाखवायचे?

सुमेधा_ए: म्हाताऱ्या माणसांना सगळं समजतं काका. आणि तुमच्या रसेल हाउसचा मालक रसेल स्वतः गुलामांच्या व्यापारात होता, तेही सांगाच त्यांना.

खारबांध_मीरा: थोडं विषयांतर, पण एकनचा पैसा भाताचा होता, जेहोसी बेटावर त्याची मोठी भातशेती होती. भरतीबरोबर नदीचं गोडं पाणी चढलं की बांधातली दारं उघडून शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. आमच्याकडे खाडीकाठी बांध घालून उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, बसवतात, ती खारं पाणी बाहेर ठेवायला, पण भरती-ओहोटीचा हिशेब दोन्हीकडे लागतोच. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या बऱ्याच लोकांना भाताचं काम आधीपासून येत होतं, त्यांच्या त्या जाणतेपणावर ही घरं उभी आहेत. आई शेतीतल्या असतील तर हे नक्की सांगा.

पक्या७८: आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढलाय ना? न चुकता काढा.

अटलांटाकर: काढलाय. मीरा, आई अलिबागकडची आहे, तिला उघाडी माहितीये. हां, तिला इंग्रजी समजत नाही.

सुमेधा_ए: अहो हे आधी सांगायचं! मग एकन-रेटच. तिथे ऑडिओ टूर आपल्याच फोनवर चालते. थांबवायची, आईला मराठीत सांगायचं, बसायला जागा दिसली की बसवायचं, मग पुढे. गाइडसोबतच्या ग्रुपमध्ये मध्येच बोलता येत नाही, लोक वळून बघतात. टूरचं अ‍ॅप हॉटेलच्या वायफायवरच उतरवून घ्या.

विजूकाका: हे मात्र पटलं. सकाळचीच वेळ घ्या, दुपारी उकाडा सोसणार नाही. रसेल हाउस बाहेरून तरी दाखवा.

अटलांटाकर: सकाळचं काढतोय. एकन-रेटसमोर, एलिझाबेथ स्ट्रीटवर गाडी लावायला जागा मिळते का? आईला फार चालवायचं नाहीये.