पीटीच्या तासाला बाद झालेली मुलं नुसती बसून राहतात, काय करू?

ऐरोलीच्या_बाई
मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा तिसरीचा पीटीचा तासही माझ्याकडे आलाय. मुलं 42, तास 35 मिनिटांचा, जागा म्हणजे इमारतीमागचं पेव्हर ब्लॉकचं अंगण. कवायत घेतली की पाच मिनिटांत चुळबुळ सुरू. डोंगर-पाणी घेतलं की जीव तोडून खेळतात, पण हळू धावणारी मुलं पहिल्याच फेरीत बाद होऊन भिंतीला टेकतात. एक मुलगी रोज सगळ्यांत आधी बाद होते. काल तिनं विचारलं, "बाई, मी आधीच बसू का?" रात्री झोप लागली नाही मला. व्यायाम खेळातूनच व्हावा, पण सगळ्यांचा. कसं करू?

कळव्याचे_पीटी_सर (निवृत्त)
बाई, त्या पोरीनं नेमकं दुखणं सांगितलं. ज्या मुलाला धावण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच बाद होण्याचा नियम आधी बसवतो. लहान वर्गांत मी 'बाद' हा शब्दच काढून टाकला होता.

विषामृत घ्या. राज्य असलेल्यानं 'विष' म्हणून शिवलं की जागीच थांबायचं, गड्यानं 'अमृत' म्हणून शिवलं की पुन्हा पळायचं. 42 मुलांत चौघांवर तरी राज्य द्या आणि दर दोन मिनिटांनी बदला. हळू पळणारं मूल इथे फार कामाचं, कारण सोडवायला पायांइतकीच नजर लागते. साखळीही चांगली, पण चौघांची झाली की दोन-दोन करून तोडा, नाहीतर टोकाचं पोर फरफटतं.

खो-खो माझा जीव की प्राण. तरी मोठ्यांच्या नियमांनी घेतलात तर आठजण बसतात आणि एक धावतो. तिसरीला चौघं बसवा, एक पाठलागाला, दोघं पळायला. सातजणांचे बरोबर सहा गट होतात. तीन गट खो-खोला, तीन लगोरीला, मग अदलाबदल. लगोरीचा चेंडू जुन्या मोज्यात चिंध्या भरून करा, पाठीत बसला तरी लागत नाही.

पेव्हरवर लंगडी जपून घ्या. दहा-बारा उड्यांनंतर पाय बदलायला लावा. पावसात शेवाळ धरलं असेल तर नकोच.

कुणी 'हा नुसता खेळ' म्हणालं तर सांगा, जागतिक आरोग्य संघटनेनं 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. भिंतीला टेकून ती होत नाही.

नेरूळचा_बाबा
एक विनंती. दोन कप्तान करून गडी निवडायला लावू नका. माझा मुलगा दरवेळी शेवटी उरायचा. आता सहावीत आहे, तरी मैदानावर यायला कचरतो. एक ते सहा आकडे म्हणायला लावा, ज्याचा जो आकडा तो त्याचा गट.

ऐरोलीच्या_बाई
सर, दोन तास विषामृत घेतलं. ती मुलगी सगळ्या अंगणभर 'अमृत' देत फिरत होती. अकरा जणांना सोडवलं, तिनंच मोजून सांगितलं! आकड्यांनी गट पाडले, कुरकुर झाली नाही. एका मुलाच्या आजीनं मोज्यांचे सहा चेंडू शिवून पाठवलेत. लगोरीला फरशीचे तुकडे धारदार वाटतात, लाकडी चालतील का?

कळव्याचे_पीटी_सर (निवृत्त)
लाकडीच घ्या. एका गटाला सात, म्हणजे तीन गटांना एकवीस. कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या. आणि त्या पोरीला माझी शाबासकी सांगा.