मराठवाडा विद्यापीठ आणि नामांतराची वर्षे : आपले अनुभव

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि तोवर उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेल्या येथील महाविद्यालयांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले. पुढे जेमतेम वीस वर्षांत, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. त्या काळात तेथे शिकलेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे, ही विनंती.

*

मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि नागसेनवनात, म्हणजे औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, राहत होतो. ठरावाची बातमी आली त्या रात्री कोणी झोपले नाही. आठवडाभरात मात्र गावाकडून निरोप आला की आमच्या वस्तीतील घरे जाळली, आईवडील मामांकडे आहेत आणि मी येऊ नये. ज्या विद्यापीठाच्या नावावरून घर गेले, त्याच विद्यापीठाने दिलेली माझी बी.ए.ची गुणपत्रिका त्या घरात होती. दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करताना कारण काय लिहावे, यावर मी बराच वेळ अडलो आणि शेवटी ‘गहाळ झाली’ असे लिहिले. आज तो अर्ज पुन्हा लिहायला मिळाला, तर ‘जाळली’ असे लिहीन.

*

मी नामांतराच्या विरोधातील मोर्चात होतो. माझे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेले होते, आणि ‘मराठवाडा’ हा शब्द पुसला जाईल ही बोच माझ्यापुरती खरी होती. बाबासाहेबांनी १९५० मध्येच, म्हणजे या विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी, औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते, हे एका वर्गमित्राने मला शांतपणे सांगितले होते. मी ते कानाआड केले. नांदेड जिल्ह्यात नामांतराच्या दंगलीत पोचीराम कांबळे या दलित माणसाची हत्या झाल्याचे कळले, त्यानंतर मी मोर्चात गेलो नाही, पण त्या मित्राच्या खोलीवरही गेलो नाही. मोर्चापेक्षा हे न जाणे मला अधिक सलते.

*

१९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेल्या लाँग मार्चमध्ये माझे काका चालले. औरंगाबादेत पोहोचण्याआधीच ते पकडले गेले. ते फार बोलत नसत.

*

१४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले, तेव्हा मी बी.एड. करत होते. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी आत्मदहन केले होते, त्यामुळे आमच्या घरात त्या दिवशी आनंदही दबक्या आवाजातच झाला. उन्हाळ्यात मी आईला विद्यापीठाच्या दाराशी घेऊन गेले. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिने मला नवी पाटी दोनदा वाचायला लावली आणि विचारले, “बाबासाहेबांचं कळलं, पण आपलं गाव यात कुठं आलं?” मी पुढच्या शब्दाकडे बोट दाखवले.