चंद्राला खळं की परिवेष?

अनुवादक_निफाड: द्राक्षबागायतदारांसाठीच्या हवामान-पुस्तिकेचं भाषांतर चाललंय. चंद्राभोवतीच्या कड्याला 'खळं' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून 'परिवेष' केलं. म्हणे, आपल्याकडे खळ्यावर कांदा असतो, चंद्र नसतो. काय ठेवू?

मेढ: खळंच. संस्कृत 'खल' म्हणजे मळणीची गोल जागा. मधल्या मेढीभोवती बैल फिरतात, तसं चंद्राभोवती कडं. ग्रीक 'हालोस'चाही आधीचा अर्थ मळणीचं खळं. इंग्रजी 'हेलो' तिथूनच आला.

शुद्धमती: वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेषावर अख्खा अध्याय आहे. तयार शब्द टाकून कांद्याच्या चाळीत कशाला शिरायचं? शिवाय खळ्याचं अनेकवचन 'खळी'. गालावरची का?

मेढ: चाळ कांदा साठवायची, खळं वेगळं. लासलगावात विचारा.

बागवान: भांडताय, पण कडी दोन असतात. हात लांब करून वीत ताणा. अंगठा चंद्रावर आणि करंगळी कड्यावर आली, तर ते 22 अंशांचं. आतली कड तांबूस. उंचावरच्या पातळ ढगातल्या षट्कोनी हिमस्फटिकांमुळे दिसतं. चंद्राला चिकटलेलं, बाहेरून तांबूस, ते पाण्याच्या बारीक थेंबांचं. 'खळं लांब तर पाऊस जवळ' हे लावायचंच तर पहिल्याला लावा. मे महिन्यात तेही फसतं: दूरच्या गडगडाटी ढगाचा माथा वाऱ्यानं पसरत इथवर येतो, पाऊस तिकडेच पडून जातो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, बाग फुलोऱ्यात असेल तर चंद्र सोडा, पान किती तास ओलं राहतंय ते बघा. डाउनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, तिथून सुरू होतो.

शुद्धमती: 'डाउनी' चालतो, 'परिवेष' खुपतो! वा.

गोदाकाठ: टिटवीचं राहिलं. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस.

बागवान: ती बहुतेकदा चारच घालते. अंदाज चुकणार कसा?

गोदाकाठ: मग नक्षत्राचं वाहन? त्या प्राण्यावरूनही पाऊस सांगतात.

मेढ: ते निसर्गातलं नाही, पंचांगातलं. सूर्य नक्षत्रात शिरताना त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 नं भागायचं. बाकी 3 उरली तर बेडूक, 7 म्हैस, शून्य हत्ती, हे पावसाचे.

अनुवादक_निफाड: मंडळी, उद्या छपाई आहे. खळं की परिवेष?

गोदाकाठ: आणि 8 उरले तर?

मेढ: गाढव.