छोट्या लेथवर मोठी लेथ बनती का?

गेवराईवाला:
राम राम मंडळी. माझ्याकडं साडेचार फुटी जुनी लेथ (लोखंड फिरवून कापायचं मशीन) हाय, सेंटर हाइट (बेडपासून फिरत्या मध्यापर्यंतची उंची) ६ इंच, भंगारातून उचललेली. ट्रॅक्टरची, गिरणीची बारीकसारीक कामं निघतात पण गुऱ्हाळाच्या चरकाचा १० इंची रोलर आला की बेडवरून (मशीनच्या खालच्या लांब पायावरून) जातो अन् कॅरेजवर (बेडवर सरकणाऱ्या, टूल धरणाऱ्या भागावर) अडकतो, मग गिऱ्हाईक जालन्याला पाठवाय लागतं, लै जिवावर येतं. मोठी घ्यायची ऐपत नाही म्हणून हिच्यावरच मोठीचे पार्ट करावं म्हणायलो. पण हेडस्टॉकचं (स्पिंडल म्हंजी फिरता दांडा धरणाऱ्या डोक्याचं) कास्टिंग (ओतीव बीड) चकमधी (जॉब म्हंजी कापायचा तुकडा पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) मावतच नाही, बोअर (आतलं गोल भोक) कसं मारू?

जालना_टर्नर:
चकमधे धरताच कशाला, उलटं करा की. कंपाउंड (कॅरेजवरचा टूल धरणारा वरचा भाग) काढा, कास्टिंग त्याच्या खालच्या क्रॉस स्लाइडवर पॅकिंग देऊन आवळा अन् बोरिंग बार (टूल बसवलेला दांडा) दोन टोकांच्या सेंटरमधे धरून फिरवा. टूल जागेवर फिरतं, जॉब कॅरेजसंगं सरकतो. मजा म्हणजे टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) जरा हललेला असला तरी टेपर (भोक एकीकडं निमुळतं होणं) येत नाही, अन् दोन्ही बेअरिंगच्या जागा एकाच सेटिंगमधे एका रेषेत निघतात. बार मात्र जॉबच्या दुपटीहून लांब पाहिजे. मोठ्या फेसप्लेटचं (स्पिंडलवर बसणाऱ्या, जॉब आवळायच्या तबकडीचं) फेसिंग (तोंड सपाट करणं) नव्या मशीनच्याच स्पिंडलवर चढवून मारायचं.

परभणीकर_काका:
बोअर होईल हो, बेडचं काय? सहा फुटी बेड ह्या मशीनवर घेता येत नाही, प्लॅनरवाला (लांब पृष्ठभाग सपाट कापायचं मशीन असणारा) गाठा नाहीतर हातानं स्क्रेपिंग (खरडून सपाट करणं). त्याला सरळ पट्टी लागती, ती तपासायला सरफेस प्लेट (अगदी सपाट बिडाची प्लेट), अन् प्लेट करायच्या तर तीन करा. दोनच एकमेकीवर जुळवल्या तर एक फुगीर अन् एक खोलगट राहूनबी निळा (उंचवटे दाखवायला चोपडायचा रंग) सगळीकडं लागतो, तिसरी आली की चोरी सापडती. व्हिटवर्थ ह्या इंग्रज इंजिनिअरनं १८४० मधे हेच मांडलं होतं, त्यात मशीन लागतच नाही, नुसते हात.

अन् ताजं कास्टिंग घेऊ नका. मी घेतलं होतं, पंधरा दिवस खरडलं, मनगट गेलं, अन् दोन महिन्यांनी पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसायला लागला, म्हणजे बीड वाकलं होतं. आधी रफ कट मारा, मग वर्षभर अंगणात पडू द्या.

गेवराईवाला:
वर्षभर?? घरात आधीच विचारायलेत हे लोखंड कवा हलणार म्हणून. बीड जिल्ह्यात राहून बिडाचीच पंचाईत बगा 😅 बरं, बार कशाचा करू?

जालना_टर्नर:
भंगारात ट्रॅक्टरचा एक्सल बघा, पण सेंटरमधे धरून डायल (वाक मोजायचं घड्याळ) लावल्याशिवाय पैसे देऊ नका, वाकलेलेच जास्त असतात.