ॲनिलीन अंगावर सांडलं, पाचव्या दिवशी लघवी काळपट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ रंगद्रव्यांच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. सोमवारी ड्रममधून ॲनिलीन (रंग बनवायला लागणारं तेलकट, विषारी रसायन) ओढताना पाइप निसटला आणि मांडीपासून बुटापर्यंत भिजला. जळजळ नाही, फोड नाही, म्हणून नुसते पाय धुऊन त्याच पँटवर त्याने शिफ्ट संपवली. ॲनिलीन धड कातडीतूनही रक्तात शिरतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी आला तेव्हा ओठ आणि नखं राखाडी-जांभळी, डोकं ठणकत होतं. दवाखान्यात ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या मशीनचा आकडा ८५ च्या पुढे सरकेना. रक्त काढलं तर सिरिंजमध्ये चॉकलेटच्या रंगाचं! ते बघूनच डॉक्टरांनी मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं, बदललेलं हिमोग्लोबिन) ओळखलं. तपासणीत ३८ टक्के निघालं. एरवी ते १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं म्हणे. वजन ६० किलो, त्या हिशेबाने त्यावरचं औषध मिथिलीन ब्ल्यू ६० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिलं. तासाभरात ओठांवर रंग आला.

पहाटे मात्र तो पुन्हा निळा पडला. तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं की भिजलेली पँट पिशवीत खाटेखालीच आहे आणि अंग साबणाने कुणी धुतलेलंच नाही. मग केसांपासून नखांच्या कडांपर्यंत धुतलं, दुसरा डोस दिला. त्या पिशवीकडे माझं लक्ष जायला हवं होतं, याची रुखरुख लागून राहिली आहे.

बुधवारी घरी सोडलं. आधी लघवी हिरवट-निळी होत होती, ती औषधामुळे. पण आज शुक्रवारी ती कोऱ्या चहासारखी आहे, डोळे पिवळसर दिसतात, जिना चढताना धाप लागते. तांबड्या पेशी फुटत असाव्यात अशी भीती वाटते. रिक्षा बोलावली आहे, लगेच निघतोय.

जाणकारांनी सांगावं: जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर मिथिलीन ब्ल्यूनेही पेशी फुटू शकतात) याची तपासणी आधी झालेली नाही. पेशी फुटत असताना केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, असं वाचलं. मग आज हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढतं ते), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) यांच्याबरोबर आणखी कशाचा आग्रह धरू? जी-६-पीडी पुन्हा कधी करावी? आणि त्याचे चामड्याचे बूट अजून कारखान्यातल्या लॉकरमध्ये आहेत. ते धुऊन खरंच स्वच्छ होतात का, की टाकूनच द्यायला सांगू?